पॅकियाओचे आठ गट: एकाच वेळी नव्हेत

फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ याच्याकडे एकाच वेळी आठ वजनगटांची विजेतेपदं होती, असा एक मेसेज सध्या फिरतोय. आठ गट खरे, 'एकाच वेळी' खोटं. १९९८ साली ११२ पौंडांच्या फ्लायवेटपासून २०१० साली १५४ पौंडांपर्यंत, अशी ही बारा वर्षांची चढण आहे. वर जाताना खालचा पट्टा, म्हणजे त्या गटाचं विजेतेपद, सुटत गेलं. आठव्या गटाच्या लढतीची तर गंमतच: प्रतिस्पर्धी बॉक्सर मार्गारिटोविरुद्ध करारानेच वजनमर्यादा १५० ठरलेली, आणि पॅकियाओ काट्यावर जेमतेम १४५ भरला!

एकाच वेळी अनेक पट्टे बाळगले ते अमेरिकन बॉक्सर हेन्री आर्मस्ट्राँगने. ऑगस्ट १९३८मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर या तिन्ही गटांचा तो विजेता होता. 'तीनच ना?' असं म्हणण्याआधी मोजा: तेव्हा मुख्य गट आठ, आज सतरा. त्याने पार केलेल्या १२६ ते १४७ पौंडांत आज पाच गट बसतात. शिवाय आता प्रत्येक गटात चार संघटनांचे चार पट्टे.

पॅकियाओ थोर आहेच, पण आठ विरुद्ध तीन ही तुलना मला तरी लंगडी वाटते.