खुलासा : लॉस एंजेलिस काउंटीत ‘मेझर जे’ मतदारांनी नाकारलेला नाही

‘नोव्हेंबर 2024 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी मेझर जी मंजूर करून मेझर जे रद्द केला,’ असा दावा पसरला आहे. तो दिशाभूल करणारा आहे. लॉस एंजेलिस काउंटी हा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला, जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. मेझर म्हणजे मतदारांपुढे थेट मतदानासाठी ठेवलेला प्रस्ताव.

मेझर जीचा विषय काउंटीच्या कारभाराची रचना हा होता. जवळपास एक कोटी लोकांसाठी आज फक्त पाच सुपरवायझर (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे निवडून आलेले सदस्य) आहेत, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सुमारे वीस लाख माणसं. मंडळावर नऊ सदस्य असावेत, काउंटीचा प्रमुख थेट निवडून यावा आणि स्वतंत्र नैतिकता आयोग असावा, यावर लोकांनी मत दिलं आणि हा प्रस्ताव मंजूर झाला. सुपरवायझरांमध्येही मतभेद होते. कॅथरिन बार्गर आणि हॉली मिचेल यांचा विरोध होता.

मेझर जे 2020 चा. काउंटीच्या स्थानिक, अनिर्बंध (ठरावीक कामाला बांधून न ठेवलेल्या) महसुलातला किमान 10 टक्के वाटा तुरुंगाला पर्याय ठरणाऱ्या सेवा आणि वस्त्यांमधल्या गुंतवणुकीसाठी राखणारा. तो मंजूर झाल्यावर काउंटीच्या सनदेच्या (काउंटीच्या कारभाराच्या मूळ कायद्याच्या) मजकुरात वेळेवर चढवलाच गेला नाही. मग जुन्या मजकुरावरून मेझर जीचा मसुदा बनला आणि जेचं कलम त्यातून गळलं. त्यामुळे मेझर जे 2028 मध्ये आपोआप रद्द होणार होता. ही बाब 2025 मध्ये उघड झाली.

ही कारकुनी चूक आहे, जनमताचा कौल नव्हे. ज्यांच्यासाठी हा पैसा राखला गेला, त्यांना ‘लोकांनीच तुम्हाला नाकारलं’ असं सांगणं अन्यायाचं आहे.

आणखी एक : काउंटी प्रमुख म्हणजे शहराचा महापौर नव्हे. काउंटीत 88 शहरं आहेत. त्यांचे महापौर कायम राहतात.