फुटबॉलच्या पैशावर सगळे खेळ जगत नाहीत

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या विद्यापीठांनी जून २०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्याची पॅक-१२ ही कॉन्फरन्स सोडून मुख्यतः मध्य-पूर्वेकडच्या राज्यांतल्या बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, तेव्हापासून एक युक्तिवाद सगळीकडे फिरतोय. कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणारा विद्यापीठांचा गट, निवडताना टीव्हीचा पैसा तेवढा बघावा; फुटबॉलचे (अर्थात अमेरिकन फुटबॉलचे) पैसे आले की बाकीचे खेळ आपोआप तरतात. मला हे अजिबात पटत नाही.

पैसा मोठा आहे, वादच नाही. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी बिग टेनचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. पण न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे आणि तिथल्या क्रीडा विभागाची तूट काही भरली नाही. उत्पन्न वाढलं की ओहायो स्टेट, मिशिगन अशा बिग टेनमधल्या बड्या विद्यापीठांशी बरोबरी करण्यात प्रशिक्षकांचे पगारही वाढतात. शिवाय पॅक-१२ मोडल्याची भरपाई म्हणून यूसीएलएने पॅक-१२ मधल्याच कॅल बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी एक कोटी डॉलर द्यायचे, असं रीजंट्सनी, म्हणजे या दोन्ही सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळाने, ठरवलं.

'प्रवासाचं काय एवढं, विमानं आहेत की!' फुटबॉलला चालतं. आठवड्याला एकच सामना, तोही बहुधा शनिवारी. व्हॉलीबॉलच्या मुलींचं बघा. न्यू जर्सीत संध्याकाळी सातचा सामना नऊला संपला, अकराला विमान सुटलं, तरी लॉस एंजेलिसला उतरेपर्यंत तिथले पहाटेचे दोन वाजतात. सकाळी वर्ग असतोच.

सगळ्यात चुकीचा दावा म्हणजे, 'गेलं तर सगळ्या संघांनी एकत्रच जावं लागतं.' नोटर डेम विद्यापीठाचं फुटबॉल स्वतंत्र आहे, बाकीचे बहुतेक संघ एसीसी या कॉन्फरन्समध्ये, आणि आइस हॉकीचा संघ चक्क बिग टेनमध्ये! जॉन्स हॉपकिन्सचे फक्त लॅक्रॉसचे संघ बिग टेननेच घेतलेत. यूसीएलएचा वॉटर पोलो आजही पश्चिमेतच खेळतो, कारण बिग टेनमध्ये तो खेळच नाही. मग फुटबॉल तिकडे आणि सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल घराजवळ, ही मागणी अशक्य कशी?

'पॅक-१२ मधल्या बाकीच्यांनी आपलं बघावं' असंही म्हणतात. स्टॅनफर्ड आणि कॅलने बघितलं: टीव्हीच्या पैशात पहिली सात वर्षं जेमतेम ३० टक्के वाटा पत्करून ते अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसीत गेले. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट पॅक-१२ मध्ये मागेच राहिले. रीजंट्सनी यूसीएलएच्या निर्णयावर मत दिलं डिसेंबर २०२२ मध्ये, घोषणा होऊन साडेपाच महिने उलटल्यावर. सॉफ्टबॉल-व्हॉलीबॉलचं संभाव्य वेळापत्रक त्यांच्यासमोर घोषणेआधी यायला हवं होतं.