शून्य पूर्णांक दोनचा मोह

१/७२ मापाचं स्पिटफायर विमानाचं मॉडेल जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांब. त्याला रंग मारायला एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, निवडणारा माणूस मात्र इतका गंभीर असतो, की खरं विमानच खरेदी करतोय असं वाटावं.

पहिला मोह नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडाच्या भोकाच्या आकड्याचा. ०.५ मिलिमीटर ऐकून नाक मुरडायचं, ०.३ ला ‘ठीक आहे’ म्हणायचं आणि ०.२ दिसलं की डोळे चमकायचे. बारीक नोझलने बारीक रेघ निघते, हे खोटं नाही. पण त्या भोकातून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, कसा जाणार, हा प्रश्न पैसे दिल्यानंतरच सुचतो. प्रायमर अडतो, धातूचे कण असलेला रंग अडतो, आणि साधा ॲक्रिलिक रंग नोझलमधल्या सुईच्या टोकावर वाळून बसतो. मग रंगवणं दहा मिनिटं आणि सुई पुसणं तासभर. मला विचाराल तर पहिला एअरब्रश ०.३ ते ०.४ च्या आसपासचाच घ्यावा. इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस ०.३५ चा आहे. बॅजरचा पेट्रियट १०५ तर चक्क ०.५ चा, तरी सरावलेला हात त्यातूनही बारीक काम काढतो. कारण ट्रिगर किती मागे ओढला, दाब किती आणि रंग किती पातळ, यावरही रेघ तितकीच अवलंबून असते.

वर कप असलेला, ड्युअल ॲक्शन घ्या. यावर फार चर्चा नको. वरच्या कपात चार थेंब रंगावर काम होतं आणि दाबही कमी पुरतो. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बोटाला मात्र दोन्ही एकदम करायची घाई असते आणि पंखावर पहिला ठिपका तिथेच पडतो. सुरू करताना हवा आधी, थांबवताना रंग आधी बंद.

खरी परीक्षा सुट्या भागांची. नोझल आणि सुई सुटी मिळतात का, हे आधी विचारा. एअरब्रश किती चकाकतो ते नंतर. काही नोझलना बारीक आटे असतात. त्यांचा पाना दोन बोटांनी फिरवायचा. मनगटाचा जोर लावलात तर नोझल आट्यांपाशी तुटतं आणि अर्धं आतच राहतं. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनमध्ये नोझलला आटेच नाहीत, ते नुसतं बसवायचं. धसमुसळ्या माणसांसाठी ही मोठीच सोय. पण सुई मागून जोरात ढकलली तर कुठल्याही नोझलचं तोंड फाकतं. मग कपात बुडबुडे येतात, कारण हवा उलटी रंगाच्या वाटेत घुसते. त्या वेळी रंगाला शिव्या देऊन उपयोग नाही. रंग पातळ करायला लॅकर थिनर वापरणार असाल तर आतलं सील टेफ्लॉनचं आहे ना, तेही पाहा. साधं रबर त्यात फुगतं.

कॉम्प्रेसरला टाकी हवीच. नसेल तर हवा धडधडत येते. ओलावा धरणारा ट्रॅपही हवा, नाहीतर पाण्याचा थेंब थेट मॉडेलवर. दाब १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवा, आणि तो ट्रिगर दाबून धरूनच लावा; हवा वाहू लागली की काटा खाली येतो.

रंग ‘दुधाइतका पातळ’ करा, असं सगळे सांगतात. दूध सायीचं की पाणी घातलेलं, ते कोणी सांगत नाही! कपाच्या कडेवर एक थेंब ओघळवा: मागे पातळ, एकसारखा थर राहिला तर जमलं. फार पातळ झाला, किंवा दाब जास्त असताना एअरब्रश फार जवळ नेला, तर रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात. जाड असेल किंवा लांबून मारला तर वाटेतच वाळून पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो.

घेण्याआधी सुई काढून दाखवायला सांगा. तिचा दांडा काचेवर ठेवायचा, टोक काचेच्या कडेबाहेर, आणि हळू फिरवायची. टोक डुगडुगलं तर सुई वाकडी. दुकानदाराचा चेहराही वाकडा होईल, पण तो भाग आपल्याला बदलावा लागत नाही.