कॉलेजच्या नावासाठी कर्ज काढू नका

अमेरिकेत मार्चअखेर कॉलेजांचे निकाल येतात आणि १ मेपर्यंत एक कॉलेज पक्कं करून डिपॉझिट भरावं लागतं. मधला सगळा एप्रिल बारावीतल्या मुलांच्या घरी दुसरा विषय नसतो. मी इथल्या एका यंत्रनिर्मिती कंपनीत बरीच वर्षं काम करतोय, नव्या इंजिनिअरांच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे या दिवसांत ओळखीपाळखीतून फोन येतात, आणि प्रश्न जवळजवळ सारखाच असतो. मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एका कॉलेजचं नाव घेतलं की समोरचा ‘अरे वा!’ म्हणतो, पण तिथे आर्थिक मदत शून्य आणि वर्षाचा सगळा खर्च ९०,००० डॉलरच्या घरात. दुसरं सरकारी विद्यापीठ. इंजिनिअरिंग चांगलं, पण नाव सांगितलं की ‘हे कुठे आलं?’ असं विचारलं जातं. तिथे घसघशीत स्कॉलरशिप आहे, राहण्याजेवण्यासकट वर्षाला ३०,००० मध्ये भागतं. काय करावं?

माझं मत सरळ सांगतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या पदवीला नावासाठी मोठं कर्ज काढावं लागत असेल, तर काढू नये. स्कॉलरशिप घ्यावी. मात्र ती घेताना पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. माझ्या अनुभवात घरं अडचणीत येतात ती कॉलेज निवडताना कमी आणि पत्र न वाचल्यामुळे जास्त.

त्याआधी एक गोष्ट तपासा. मोठ्या नावाचं कॉलेज तुम्हाला खरंच महाग पडतंय का? आयव्ही लीगमधली (हार्वर्ड, येल वगैरे) आठही विद्यापीठं आणि मॅसॅच्युसेट्समधलं एमआयटी गुणवत्तेवर पैसे देत नाहीत. तिथे मदत मिळते ती फक्त घरची परिस्थिती पाहून. पण ती मिळते तेव्हा भरपूर मिळते. २०२५ पासून एमआयटीने दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन फी पूर्ण माफ केली आहे. मदत वजा जाता तुम्हाला साधारण किती खर्च येईल हे सांगणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर असतो, २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो भरून पाहा. कित्येक घरांसाठी हा वाद तिथेच मिटतो, कारण मोठं नावच स्वस्त निघतं.

वाद उरतो तो मधल्या घरांसाठी. दोघं कमावते, कागदावर उत्पन्न भक्कम, पण घराचा हप्ता आहे, धाकटं भावंड आहे, तिकडे आईवडिलांची औषधं आणि आजारपणं आहेत. मदत ठरवणाऱ्या कॉलेजच्या सूत्राला यातलं बरंचसं दिसत नाही. आपली बहुतेक मंडळी याच गटात मोडतात.

आता हिशोब मांडू. ९०,००० आणि ३०,००० मधला फरक वर्षाला ६०,०००, चार वर्षांचा २,४०,००० डॉलर. मुलाच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी ५,५०० आणि पूर्ण पदवीसाठी जास्तीत जास्त ३१,०००. बाकीचं पालकांच्या अंगावर. पालकांसाठीचं सरकारी कर्ज पूर्वी जवळपास लागेल तेवढं मिळायचं. नव्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना त्यावर मर्यादा आहे: एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. म्हणजे राहिलेला खड्डा खासगी बँकेच्या कर्जाने भरायचा, आणि त्यावर सही तुमची. १,००,००० डॉलरचं कर्ज ८ टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला सुमारे १,२०० डॉलर जातात. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलीच्या पगारातून, भाड्याच्या आधी.

हा हप्ता फक्त पैसे नेत नाही. ‘कमी पगाराची पण शिकायला मिळेल अशी नोकरी घेऊ का’, ‘मैत्रिणीबरोबर कंपनी काढू का’, ‘पीएचडीला जाऊ का’, या प्रश्नांचं उत्तर तोच आधी देऊन टाकतो. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. ज्या मुलांमध्ये खरी धमक असते, त्यांनीच विशीत हप्त्यापायी पाऊल मागे घेतलेलं मी पाहिलं आहे.

बरं, एवढं देऊन वेगळं काय मिळतं? वकिली किंवा एमबीएची गोष्ट वेगळी, तिथे नावाला मोठी किंमत आहे. इंजिनिअरिंगमध्ये अभ्यासक्रमाचा पाया बाहेरची संस्था तपासते. एबेट नावाची ही संस्था १९३२ मध्ये सुरू झाली. तिची मान्यता हवी असेल तर गणित आणि मूलभूत विज्ञानाचे किमान ३० क्रेडिट आणि इंजिनिअरिंगचे किमान ४५ क्रेडिट शिकवावेच लागतात. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम दोन्हीकडे तोच. वर्गातली मुलं वेगळी असतात, प्राध्यापकांचं संशोधन वेगळं असतं, आणि त्याचं मोल आहे. पण पहिल्या दोन वर्षांत नावाजलेल्या विद्यापीठातही तीनशे मुलांच्या व्याख्यानगृहात बसून फिजिक्स शिकावं लागू शकतं, आणि शंका विचारायच्या त्या बहुतेक वेळा शिकवणी सहायकाला.

मुलाखतीच्या टेबलावर काय होतं तेही सांगतो. रेझ्युमे हातात येतो, कॉलेजचं नाव मी वाचतो, नाही असं नाही. पण लगेच नजर खाली जाते: काय बनवलंय? एकदा एका साध्या सरकारी विद्यापीठातला मुलगा आला होता. फॉर्म्युला एसएई म्हणून विद्यार्थ्यांची स्पर्धा असते, त्यात मुलं स्वतः छोटी रेसिंग कार बनवतात. त्याच्या गाडीच्या सस्पेन्शनमधला एक ब्रॅकेट चाचणीत तुटला होता. त्याने कागद मागितला, ब्रॅकेट काढला, भेग आतल्या कोपऱ्यात कुठून सुरू झाली ते दाखवलं. कोपऱ्याची गोलाई वाढवली, प्लेट जाड केली नाही, आणि का नाही केली हेही सांगितलं, कारण वजन वाढलं असतं आणि ताण त्याच कोपऱ्यात राहिला असता. पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत. त्याच दिवशी एका फार मोठ्या नावाच्या कॉलेजची मुलगीही आली होती, तीही उत्तम होती. दोघांनाही घेतलं. पद एकच, पगाराची श्रेणी एकच.

माझ्या एका टेबलावरून जगाचा अंदाज बांधू नका, म्हणून अभ्यास काय सांगतात तेही पाहा. स्टेसी डेल आणि प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रुगर यांनी २००२ आणि २०१४ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि प्रवेश मिळालेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. काही जण मोठ्या नावाच्या कॉलेजात गेले होते, काही त्याहून साध्या. पुढच्या कमाईत जवळपास फरक दिसला नाही. अपवाद होता गरीब घरातल्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचा. त्यांना मोठ्या कॉलेजचा खरंच फायदा झाला, कारण तिथल्या ओळखी त्यांना घरातून मिळणार नव्हत्या.

माझ्या मताला छेद देणारा पुरावाही आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही आणि त्या तोडीच्या मोजक्या कॉलेजांचा अभ्यास मांडला. सरासरी कमाईत तिथेही फार फरक नाही. पण सर्वाधिक कमावणाऱ्या १ टक्का लोकांत पोचण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि नामांकित कंपन्यांत काम मिळण्याची तिप्पट. म्हणून तुमच्या मुलीला वॉल स्ट्रीटवर जायचं असेल, बड्या सल्लागार कंपनीत जायचं असेल, इंजिनिअरिंग ही तिच्यासाठी फक्त पहिली पायरी असेल, तर माझा सल्ला तिला तसाच्या तसा लागू होत नाही. पण हे तिचं स्वप्न आहे की तुमचं, हे आधी तिला विचारा. आणि लक्षात घ्या, हा अभ्यास मूठभर कॉलेजांचा आहे. क्रमवारीच्या यादीत पंचविसाव्या आणि साठाव्या नंबरावर असलेल्या कॉलेजांतल्या फरकासाठी त्याचा दाखला देता येत नाही, आणि फोनवर मला विचारतात ते बहुतेक वेळा याच फरकाबद्दल.

आता स्कॉलरशिपच्या पत्राकडे येऊ.

पत्रात रक्कम ठळक असते आणि चार वर्षांची एकत्र छापलेली असते, म्हणजे आकडा डोळ्यात भरतो. अटी खाली, बारीक अक्षरात. पहिली अट जीपीएची, म्हणजे ४ पैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरी गुणांची. बरीच पत्रं ३.० मागतात, काही ३.२५ किंवा त्याहून जास्त. शाळेत कायम ए आणणाऱ्या मुलाला ३.० म्हणजे हातचा मळ वाटतो. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या सहामाहीत कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोग्रॅमिंग एकदम येतं, घर पहिल्यांदाच सुटलेलं असतं, आणि दोन सी पडले की मुलगा २.८ वर. तेव्हा ऑफिसला विचारून घ्या: जीपीए सहामाहीला पाहता की वर्षाअखेरीला? एकदा खाली गेला तर सुधारायला एक सहामाही देता का? गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का? पहिल्या वर्षानंतर इंजिनिअरिंगच्या किती मुलांची स्कॉलरशिप टिकते, हेही विचारा. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर त्यातूनही काही कळतं.

दुसरी गोष्ट, रक्कम ठरलेली आहे की फीच्या टक्क्यात आहे? समजा ट्यूशन ४०,००० आणि स्कॉलरशिप ३०,०००. तुमच्या खिशातून १०,०००. फी दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी ती ४५,००० होते, स्कॉलरशिप मात्र ३०,००० वरच, आणि तुमचे १०,००० झाले १५,०००. फी वाढली जेमतेम आठव्या हिश्शाने, तुमचा बोजा दीडपट झाला.

तिसरी, ‘आठ सहामाह्यांपर्यंत’ हे शब्द. इंजिनिअरिंगला साडेचार-पाच वर्षं लागणं इथे नवलाचं नाही. एखादा विषय राहिला आणि तो पुढच्या वर्षीच शिकवला जाणार असेल, तर नववी सहामाही पूर्ण फीची. को-ऑपचंही विचारा. शिक्षण मध्येच थांबवून कंपनीत पगारी काम करायची ही पद्धत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सुरू केली, आणि इंजिनिअर घडवायला याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. को-ऑपच्या काळात स्कॉलरशिप नुसती थांबते की संपते, हे लेखी घ्या.

चौथी, शाखा. काही विद्यापीठांत पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं आणि शाखा नंतर मिळते. पर्ड्यू आणि टेक्सस ए अँड एम ही त्यातली ठळक नावं. तिथे पहिल्या वर्षाचे गुण दोन कामं करतात, स्कॉलरशिप राखतात आणि शाखाही ठरवतात. मुलाला फक्त कॉम्प्युटरच हवं असेल तर हा धोका दोन्ही कॉलेजांसाठी तपासा, नावाजलेल्यासाठीसुद्धा. हवी ती शाखा देणार नसेल तर ते नाव काय कामाचं?

भारतातून थेट इथे पहिल्या पदवीला येणाऱ्यांसाठी तर स्कॉलरशिपची बाजू आणखी जड आहे. त्यांना इथलं सरकारी कर्ज मिळत नाही. पदवीनंतर काम करण्याची परवानगी सध्या १२ महिन्यांची आणि इंजिनिअरिंगसारख्या विषयांना आणखी २४ महिन्यांची, म्हणजे एकूण तीन वर्षं. कर्ज दहा वर्षांचं आणि डॉलर मिळण्याची खात्री तीन वर्षांची, हे गणित जुळत नाही. उरलेली सात वर्षं तो हप्ता रुपयांत फेडावा लागू शकतो.

नावाची हौस पुढेही भागवता येते, तीही फुकट. इथे इंजिनिअरिंगच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. सरकारी विद्यापीठात स्कॉलरशिप घेतलेल्या हुशार मुलाकडे प्राध्यापकांचं लक्ष लवकर जातं, दुसऱ्या वर्षापासून प्रयोगशाळेत शिरकाव होतो, आणि शिफारसपत्र लिहिणारा माणूस त्याला खरंच ओळखत असतो. माझ्या एका मित्राचा मुलगा हे ऐकून म्हणाला, ‘काका, ते पटतं. पण सगळे विचारतील ना, एवढे मार्क असून तिथे का गेलास?’ अठराव्या वर्षी हा प्रश्न लहान नसतो. मी त्याला म्हटलं, ‘विचारतील रे, ऑगस्टपर्यंत विचारतील. मग तू तिकडे आणि ते इकडे.’ त्याच्या बाबांशी मात्र मला जास्त वेळ बोलावं लागलं.

तुमच्या हातात दोन्ही पत्रं असतील तर नावाजलेल्या कॉलेजला एक मेल आजच टाका. दुसऱ्या ऑफरची प्रत जोडा, उत्पन्नात झालेला बदल, घरातलं आजारपण, जे खरं असेल ते लिहा आणि फेरविचार होईल का असं नम्रपणे विचारा. बऱ्याच ठिकाणी अशी विनंती पाहिली जाते, कधीकधी रक्कम वाढते, आणि विचारल्यामुळे प्रवेश कोणी काढून घेत नाही. स्कॉलरशिपच्या पत्रातलं अटींचं पान समजत नसेल तर नाव-पत्ता झाकून मला मेसेजमध्ये पाठवा. १ मेच्या आत वाचून सांगतो.