गुरुवारची सभा यादीतून काढू नका

जालन्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या वाद पेटलाय. दर गुरुवारी पाळीपाळीने एकेका घरी होणारी प्रार्थनासभा बंद करावी, असं कमिटीतल्या काही जणांचं म्हणणं आहे. रविवारची उपासना मोबाइलवर थेट दिसते, बायबलचं वचन रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, मग कुणाच्या तरी दोन खोल्यांत दाटीवाटीने बसायचं कशाला? चहापोह्यांचा खर्च होतो, गल्लीतले लोक संशयाने बघतात. त्यात एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'परदेशात असं घरोघरी कुणी जमत नाही.' त्यावर मात्र मला गप्प बसवेना, कारण मी परदेशातच राहते.

इंग्लंडात ब्रिस्टलला ब्रॉडमीडच्या दुकानांच्या गर्दीत, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी १७३९ साली उभारलेलं प्रार्थनागृह आजही आहे. ड्यूटी नसली की मी तिथे जाऊन बसते. त्या वास्तूचं कर्ज फेडायला १७४२ साली असं ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. पेनी मागायला दारात गेलेल्या माणसाला घरात काय चाललंय ते दिसायला लागलं. कोण दारूच्या नादी लागलाय, कुठे नवराबायकोचं पटत नाही. त्यातून दर आठवड्याच्या छोट्या सभा सुरू झाल्या आणि मेथडिस्ट मंडळी त्यांच्याच जोरावर वाढली. काकांनी हे वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पैसे मागायला गेलेल्याला जे दिसलं, तेच आपल्याकडे गुरुवारी दिसतं. माझ्या मावशीच्या घरची सभा डोळ्यांसमोर आणा. पलंग भिंतीला उभा केलेला, सतरंजीवर बाया, दारात पुरुष, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. पेटीचा भाता एका बाजूने फाटलेला. लाइट गेली तरी भजन थांबत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. मग प्रार्थनेचे विषय निघतात: टँकर आला नाही, सोयाबीनला भाव नाही, पोरीचा बारावीचा निकाल, सासूची शुगर. एका वर्षी कापसात बुडालेला एक शेतकरी भाऊ लागोपाठ दोन गुरुवार आला नाही. मावशी नि आणखी दोघी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच्या घरी गेल्या आणि रात्रीपर्यंत तिथून उठल्या नाहीत. तो आज आहे. मराठवाड्यात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे मी वेगळं सांगायला नको. मोबाइलवर उपासना बघणाऱ्यांचा आकडा दिसतो, पण कोण आलं नाही ते कळत नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ऑनलाइन उपासना हवीच. पण धडधाकट माणसाने तिच्यावर भागवू नये. २०२० साली इथली चर्चेस उघडली तेव्हा मंडळीला आत गायची बंदी होती. मास्क लावून गप्प उभं राहायचं. आपला शेजारी आपल्या आवाजात आवाज मिसळतो म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगलं. बायबलात इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं बजावलंय, ते उगीच नाही. रोमकरांस पत्रात प्रिस्का आणि अक्‍विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम पाठवलाय. तेव्हा चर्चच्या इमारती होत्याच कुठे?

राहिला शेजाऱ्यांचा संशय. इंग्लंडात १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून जास्त लोकांनी सरकारमान्य चर्चबाहेरच्या उपासनेला जमणं गुन्हा होता. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' लिहिणारे उपदेशक जॉन बन्यन तर त्याआधीच, १६६० साली, एका शेतघरातल्या सभेवरून पकडले गेले आणि बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात राहिले. आपल्याकडे धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं २५ वं कलम आहे. पलीकडच्या गल्लीत हरिपाठाला लोक जमतात, तसेच आपण जमतो. लाउडस्पीकर लावू नका, दार उघडं ठेवा, शेजारणीला चहाला बोलवा. एवढं करूनही कुणी नाक मुरडलं, तर त्यासाठी सभा का मोडायची?

आपला इतिहासही काही जण विसरलेत. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं, त्यासाठी निजामाच्या राज्याकडून जमीन मिळवली. ख्रिस्ती झालं की भावकी तुटायची, पाणवठा तुटायचा. तुटलेल्यांना भावकी मिळाली ती सहभागितेत. ती आठवड्यातून एकदा टिकवणं आता जड जातंय?

'तिथे बसून बोलणं सोपं आहे,' असं कुणी म्हणेल. सोपं नाही. इथलं चर्च प्रेमळ आहे, उपासनेनंतर हॉलमध्ये चहाबिस्किटं असतात, सगळे हसून विचारपूस करतात. पण लागोपाठ नाइट शिफ्ट लागून मी कित्येक आठवडे गेले नाही, तेव्हा दारावर कुणी आलं नाही. फोन केल्याशिवाय कुणाच्या दारात जाणं इथे बरं दिसत नाही, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. कार्डिफ आणि स्विंडनहून चार मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात, आमची भजनं होतात. आमच्या पोरांना शब्द येत नाहीत, ती टाळ्या तेवढ्या वाजवतात. माझी वर्गणी अजून जालन्यातच भरली जाते. इथल्या चर्चच्या यादीत नाव घालायचा फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि तो भरायला माझा हात होत नाही. आजारी पडले तर माझ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना होईल ती गुरुवारी, त्या सतरंजीवर, ही माझी खात्री आहे. तीच सभा तुम्ही बंद करायला निघालात, म्हणून इतकं लिहिलं.

खर्चाची अडचण असेल तर पोहे बंद करा, नुसता चहा ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या रिक्षाचं भाडं आम्ही इथून पाठवू. पैसे पाठवून हक्क सांगते असं वाटलं तर वाटू दे. पुढच्या महिन्यात माझ्या आईच्या घरची पाळी आहे, तिचं नाव यादीत राहू द्या.