लागोसची संगीत खुर्ची

काल रात्री 'द सीईओ' पाहिला. 2016 चा नायजेरियन सिनेमा, दिग्दर्शक कुन्ले अफोलायन. नवऱ्याने सोफ्यावरून मान वर न करता विचारलं, "नायजेरियन? ओटीपी मागितला तर देऊ नकोस." आपल्या घरांत त्या देशाची ओळख तेवढीच. पेपरातली ती चौकट, लॉटरी लागलीय, पार्सल कस्टममध्ये अडकलंय वगैरे. तर त्या लोकांनी सुटाबुटातल्या लबाडीवर सिनेमा काढलाय म्हटल्यावर मला तो बघायचाच होता. सोळा वर्षं ऑडिटमध्ये घालवलेल्या बाईला दुसरं काय आवडणार!

गोष्ट अशी. ट्रान्सवायर नावाची टेलिकॉम कंपनी, काल्पनिक. तिला नवा सीईओ नेमायचाय. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतले पाच बडे अधिकारी निवडून त्यांना आठवडाभराच्या लीडरशिप कोर्ससाठी समुद्रकाठच्या रिसॉर्टवर धाडतात. कोर्स घेणारी बाई कोण, तर अँजेलिक किजो. हो, तीच, बेनिनची ग्रॅमीवाली गायिका. आणि मग एकेक उमेदवार मरायला लागतो. शेवटी दोघं उरतात, आणि संशय अर्थातच त्या दोघांवर. म्हणजे आपली संगीत खुर्चीच, फक्त बाद झालेला थेट वर जातो. खुनी कोण ते सांगणार नाही. तसंही तो भाग सगळ्यात कच्चा आहे, शेवट तर एसटी सुटतेय अशा घाईत उरकलाय.

मला आवडला तो कुणीही मरायच्या आधीचा भाग. पाचही जण एकमेकांकडे बघून हसतात ते हसू मी ओळखते. वाले ओजोचा नायजेरियन, हैतीत जन्मलेल्या जिमी जाँ-लुईचा फ्रेंच वळणाचा साहेब, दक्षिण आफ्रिकेचा निको पानाजिओ. प्रत्येकाची इंग्रजी वेगळी, आणि ती वेगळी आहे हे प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघताना जाणवतं. आपल्याकडच्या मीटिंगमध्ये दिल्लीचा, चेन्नईचा आणि पुण्याचा माणूस एकत्र बसले की हेच होतं.

एक जुनी गोष्ट आठवली. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिने आम्हाला अलिबागला 'ऑफसाइट'ला नेलं होतं. शिट्टीवाला ट्रेनर, लॉनवर प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, स्पीकरवर कोळीगीत. आमचे एक साहेब, वय बावन्न, गुडघ्याला पट्टा, बढतीच्या यादीत नाव. शेवटच्या खुर्चीसाठी ते आणि एक तिशीतला पोरगा. गाणं थांबलं आणि साहेब सरळ गवतावर बसले. सगळे हसले, साहेबही हसले. मग उठून पँटचं गवत झटकायला लागले, आणि ते झटकणं काही केल्या संपेना. पुढच्या महिन्यात जागा त्या पोराला मिळाली. खेळाचा काही संबंध नव्हता, सगळं आधीच ठरलेलं होतं हे नंतर कळलं. पण काल मला सिनेमापेक्षा ते गवतच जास्त दिसत होतं.

आता माझं भांडण. सिनेमाचं नाव 'द सीईओ', विषय कंपनी, आणि गुन्हा मात्र साधा खुनाचा. कंपनीचा म्हणून जो गुन्हा असतो तो कुठाय? लागोसमध्ये, नायजेरियाच्या त्या सगळ्यात मोठ्या शहरात, त्याचा तुटवडा आहे म्हणावं तर तसंही नाही. ऑगस्ट 2009 मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सनुसी यांनी एका दिवसात पाच बँकांच्या प्रमुखांना घरी बसवलं. कर्जं वाटेल तशी वाटलेली, वसुलीचा पत्ता नाही. त्यातल्या ओशनिक बँकेच्या सेसिलिया इब्रू यांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. शिक्षा सहा महिने, आणि जप्त झालेली मालमत्ता साधारण 19 हजार कोटी नायरांची (नायरा म्हणजे तिथलं चलन). हा सिनेमा नाही तर काय आहे!

टेलिकॉमचंच बघा. बोको हराम या दहशतवादी संघटनेच्या धास्तीत असलेल्या त्या देशात नोंदणी नसलेली सिमकार्डं बंद करा असा हुकूम होता. एमटीएन या दक्षिण आफ्रिकी कंपनीने 50 लाखांहून जास्त कार्डं चालूच ठेवली. ऑक्टोबर 2015 मध्ये दंड बसला, दर कार्डामागे 2 लाख नायरा, एकूण 5.2 अब्ज डॉलर. नोव्हेंबरात समूहाच्या सीईओने राजीनामा दिला. म्हणजे टेलिकॉम सीईओची खुर्ची खरोखर रिकामी झाली, आणि त्यासाठी कुणाला विष घालावं लागलं नाही. जून 2016 मध्ये घासाघीस होऊन दंड 33 हजार कोटी नायरांवर आला, मूळ आकड्याचा साधारण तिसरा हिस्सा. सिनेमा आला तोही त्याच सुमारास.

आणि आपण फार लांबून बघतोय असंही समजू नका. लागोसमधलं जे नेटवर्क इकोनेट नावाने सुरू झालं, ते पुढे व्ही-मोबाइल, सेलटेल, झैन असं करत 2010 मध्ये एअरटेल झालं. आपल्या सुनील मित्तलांनी झैनचा आफ्रिकेतला धंदा 10.7 अब्ज डॉलरला घेतला तेव्हा. बिचाऱ्या ग्राहकाचा नंबर तोच, पाटी दर दोन-चार वर्षांनी नवी. यात केवढी पात्रं आहेत!

अफोलायनला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तो स्वतः सिनेमात पूर्णवेळ येण्याआधी बँकेत नोकरीला होता. पण या सिनेमाचा प्रीमियर झाला एअर फ्रान्सच्या लागोस-पॅरिस विमानात. कंपन्यांचा हात धरून सिनेमा काढायचा असेल तर खलनायक एखादा माणूसच असलेला बरा, कंपनी नको, असा माझा आपला संशय. ऑडिटवाली आहे, संशय घेणारच. शिवाय खरं बोलायचं तर मुडदा दाखवायला एक पांढरी चादर पुरते. बुडीत कर्ज चांगलं म्हणून दाखवलंय हे पडद्यावर कसं दाखवणार? मी तर ते समोरच्या माणसाला कागद हातात देऊनही समजावू शकले नाहीये कधी कधी.

तरी बघा. पहिल्या अर्ध्या तासासाठी बघाच.

अलिबागवाल्या साहेबांचा नंबर अजून आहे माझ्याकडे. आता रत्नागिरीला असतात, आंब्याचे फोटो पाठवतात. रात्री त्यांना सिनेमाचं नाव टाइप केलं होतं, मग पुसलं.