बधिर जबड्यानं ऐकलेला शेवट

दाढेत इंजेक्शन टोचून डॉक्टरांनी फर्मावलं, "बधिर होईस्तोवर बाहेर बसा." बाहेर बाकड्यावरचे पेशंट काका माझीच वाट बघत होते.

आत जाण्यापूर्वी त्यांनी "काय वाचताय?" विचारलं होतं. विल्की कॉलिन्सची इंग्रजी रहस्यकादंबरी 'द मूनस्टोन', १८६८ ची. मग "गोष्ट काय?" हेही आलंच. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्यानं हिरा ढापला, मरताना यॉर्कशायरच्या भाचीच्या नावे केला. वाढदिवसाला तिला मिळाला आणि त्याच रात्री गायब.

"म्हणजे हिरा आपलाच की! मग चोरी कसली?" या मुद्द्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

"सीसीटीव्ही?"

"१८४८ सालात घडतंय, काका."

"मग नोकरांना धरलं असेल. पोलीस कुणी बोलावले?"

"मावसभावानं. फ्रँकलिन ब्लेक. त्याचं तिच्यावर प्रेम असतं."

"मावसभाऊ?" काकांनी चष्मा काढला. "आतेभाऊ असता तर एक वेळ चाललं असतं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं होतं. आता ओठ लोंबतोय, लाळ हनुवटीवर, आणि काका म्हणतात, "सुटलं!"

मी दोन्ही हात हलवले. 'सांगू नका' म्हणायला गेलो, तोंडातून आलं, "आंऊ अका."

"सांगतो ना, सांगतो. त्या ब्लेकनंच घेतला. आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचे पैसे गेले, तेव्हा चौकशी समिती नेमा म्हणून सगळ्यात मोठ्यांदा कोण ओरडत होता?"

ते उत्तरासाठी थांबले. मी त्यांच्या सोसायटीत राहत नाही आणि मला जीभ नव्हती.

"खजिनदार!" शेजारच्या बाईंनी मासिक खाली ठेवून मान डोलावली. "बाकी मी वाचलेलं नाही हं. एवढं जाड कोण वाचतंय!"

रात्री सुजल्या गालानं शेवट गाठला. ब्लेकनंच! डॉक्टरनं त्याला न सांगता अफू पाजलेली असते आणि त्या गुंगीत हा हिरा उचलतो. हे समजायला शेकडो पानं लागतात. घरचा कारभारी अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून कौल लावतो. नामांकित सार्जंट कफ माळ्याशी वाद घालतो, गुलाबांमधल्या वाटेवर गवत हवं की खडी. मग भलतीवर संशय घेऊन निवृत्त होतो, गुलाब लावायला. आणि नायिकेनं चोरी डोळ्यांनी पाहिलेली असते, तरी जवळजवळ वर्षभर गप्प! आजची मुलगी असती तर एका मेसेजमध्ये कादंबरी आटोपली असती. पण ती डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती, घाई कुणाला होती?

तेव्हाचे वाचक चकित झाले असणार. नंतर दीडशे वर्षं सगळ्यांनी मिळून ती युक्ती इतकी उगाळली, की दातदुखीनं आलेला माणूसही बाकड्यावर बसून चोर सांगतो. पैसे मी मोजले, डोळे मी फोडले, आणि शाबासकी काकांना.

तुम्ही वाचली नसेल तर आता तुम्हालाही कळलं. मी एकट्यानंच का सोसावं?

पुढचं सिटिंग गुरुवारी, काकांचंही त्याच वेळेला. रिसेप्शनवर वेळ बदलून मागितली, तर ती मुलगी म्हणाली, "राहू दे ना सर, काका असले की पेशंटचा वेळ किती छान जातो!"